तुमच्या नावावर दुसऱ्यानंच कर्ज उचललं असेल तर

रिकव्हरीवाल्याचा फोन आला आणि ज्या कर्जाबद्दल तो बोलतोय ते तुम्ही कधी काढलंच नाही, तर सगळ्यात आधी एवढं करा: पैसे भरू नका. पूर्ण रक्कम तर नाहीच, पण "एक हप्ता टाकून द्या, मग बघू" असं तो म्हणाला तरी तो एक हप्ताही नाही. हे अगदी सुरुवातीला सांगतेय, कारण अब्रूला जपणारी माणसं नेमकं हेच करून मोकळी होतात. पैसे गेले तर गेले, पण दारात कुणी यायला नको. एकदा का तुमच्या खात्यातून त्या कर्जाचा हप्ता गेला, की "कर्ज माझं नाही" हे तुमचं म्हणणं लंगडं पडलं. कंपनी विचारणार, तुमचं नव्हतं तर भरलंत कशाला?

मी इंदूरला राजेंद्रनगरमध्ये राहते आणि घरूनच लोकांची इन्कम टॅक्स रिटर्न भरून देते. त्यामुळे एखाद्याच्या पॅनवर भलत्यानंच केलेले उद्योग बरेचदा माझ्या टेबलावर पहिल्यांदा उघडे पडतात. पण ज्या प्रकरणातून मला सगळ्यात जास्त कळलं ते घरचंच. माझे थोरले दीर, अण्णा, वीज मंडळातून निवृत्त झालेत. आयुष्यात घरासाठी एकदाच कर्ज काढलं, तेही मुदतीआधी फेडलं. त्यांना मोबाइल ॲपवरून कर्ज देणाऱ्या एका कंपनीच्या नावानं फोन यायला लागले. अडतीस हजारांचं कर्ज थकलंय म्हणे. अण्णांनी घरात कुणाला सांगितलं नाही. मग एक फोन थेट जावयांना गेला, आणि त्या संध्याकाळी अण्णा चेकबुक काढून बसले. "पोरीच्या सासरी माझं नाव थकबाकीदार म्हणून जायला नको," एवढंच म्हणत होते. त्यांची ती घालमेल बघवत नव्हती. पण मी चेकबुक उचलून आत ठेवलं आणि म्हटलं, अण्णा, आधी कागद बघू.

फोनवरचा माणूस बहुतेक वेळा हिंदीत सुरू करतो: "पेमेंट कब कर रहे हैं?" त्यावर तारीख द्यायची नाही. "बघतो", "पुढच्या महिन्यात" असलंही काही नाही. एकच वाक्य, तेच पुन्हा पुन्हा: "यह लोन मेरा नहीं है। जो कहना है, लिखकर भेजिए।" आवाज चढवायची गरज नाही. कंपनीचं पूर्ण नाव, कर्जाचा खाते क्रमांक, बोलणाऱ्याचं नाव आणि त्याचा नंबर वहीत लिहून घ्या, शेजारी तारीख-वेळ टाका. तो "व्हेरिफिकेशन"साठी जन्मतारीख, आधारचा नंबर किंवा ओटीपी मागेल, तो द्यायचा नाही. कर्ज अस्तित्वातच नसेल आणि हा फोनच फसवणुकीचा असेल, असंही होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत, आणि नातेवाइकांना त्रास देणं तर अजिबातच चालत नाही. जावयांना आलेल्या फोनचा स्क्रीनशॉट आम्ही जपून ठेवला, पुढे तो उपयोगी पडला.

इथे एक वेगळी पायवाट सांगून ठेवते. कर्जाची भानगड नसून तुमच्या खात्यातून पैसेच जात असतील, किंवा मोबाइलचं नेटवर्क अचानक गायब होऊन काही वेळानं बँकेचे मेसेज दुसऱ्या कुणाला जात असल्याचं लक्षात आलं, तर खाली सांगितलेले रिपोर्ट-बिपोर्ट आधी काढत बसू नका. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर लगेच लावा, बँकेला सांगून खातं आणि कार्ड बंद करा, सिमच्या कंपनीला सांगून सिम बंद करा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतो. तो वाटेत अडवायचा तर मिनिटं मोलाची. बँकेची आणि तुमची दोघांची चूक नसताना, तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले असतील आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत बँकेला कळवलं असेल, तर तो तोटा तुमच्यावर टाकता येत नाही. रिझर्व्ह बँकेचा २०१७ सालचा नियम आहे हा. म्हणून कळवल्याचा पुरावा, म्हणजे तक्रार क्रमांक, त्याच दिवशी हातात पाहिजे.

आता कर्जाकडे. खरंच कर्ज आहे की नाही, हे कळायची जागा म्हणजे क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांची नोंदवही. आपल्याकडे सरसकट सगळ्यालाच "सिबिल" म्हणतात, पण असे रिपोर्ट देणाऱ्या कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीनं दर कॅलेंडर वर्षात एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. त्यांच्या साइटवर पैसे भरून घ्यायच्या योजना आधी डोळ्यांसमोर येतात. थोडं खाली जाऊन फुकटच्या वार्षिक रिपोर्टचा दुवा शोधा. चारही काढा. नोंदी मागेपुढे पोचतात, त्यामुळे एकात दिसतं ते दुसऱ्यात दिसेलच असं नाही.

रिपोर्ट आला की लोक स्कोअर बघतात आणि फाइल मिटतात. स्कोअरनं काही कळत नाही. मी रिपोर्ट शेवटून वाचते. शेवटी "एन्क्वायरी" म्हणून भाग असतो: कुठल्या बँकेनं किंवा कंपनीनं, कुठल्या तारखेला, कसल्या कर्जासाठी, किती रकमेसाठी तुमची माहिती मागवली, त्याची यादी. ज्याच्या हाती तुमचे कागद लागलेत तो एका ठिकाणी अर्ज करून थांबत नाही, चार दारं वाजवतो. कर्ज एकाच दारातून मिळतं, पण खुणा सगळीकडे राहतात. अण्णांच्या रिपोर्टात त्या एका कर्जाच्या आगेमागे पर्सनल लोन, मोबाइलसाठीचं कंझ्युमर लोन, टू-व्हीलर लोन अशा चौकश्यांची रांगच होती, सगळ्या एकमेकींना चिकटून. ती रांग बघून माझी खात्री पटली की हे काम मुद्दाम केलेलं आहे, कंपनीच्या कारकुनाच्या हातून एखादा आकडा चुकलेला नाही.

मग मागे या, पत्त्यांच्या आणि फोननंबरांच्या भागाकडे. तिथे तुमच्या नावावर लागलेले सगळे पत्ते असतात, कधी नोंदवले त्या तारखेसकट. अण्णांचा राजेंद्रनगरचा पत्ता होता, जुन्या क्वार्टरचा होता, आणि तिसरा फरीदाबादचा. अण्णा फरीदाबादला उभ्या आयुष्यात गेलेले नाहीत. फोनही एक अनोळखी. या दोन ओळी लाल पेननं गोल करून ठेवा, पुढे कंपनीला, ठाण्यात आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (ग्राहकांच्या तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे) याच दाखवायच्या आहेत. त्या अनोळखी नंबरावर स्वतः मात्र फोन लावू नका. समोरच्याला सावध केल्यावर तो नंबर बंद होतो आणि पोलिसांच्या हाती काही लागत नाही.

सगळ्यात शेवटी वाचायची ती कर्जांची खाती. प्रत्येक खात्यापुढे उघडल्याची तारीख, मंजूर रक्कम, थकबाकी, आणि महिन्यामहिन्याचे चौकोन असतात. चौकोनात हप्ता किती दिवस थकला तो आकडा येतो. आपलं नसलेलं खातं दिसलं की त्या रिपोर्टवाल्या कंपनीच्या साइटवर "डिस्प्यूट", म्हणजे हरकत, टाकायचा. ते फुकट असतं. हे लक्षात घ्या की सिबिलसारखी कंपनी आपणहून नोंद खोडत नाही. ती कर्ज देणाऱ्याला विचारते आणि त्यानं होकार दिला तरच खोडते. त्यामुळे डिस्प्यूट टाकून निवांत बसलं की बहुतेकदा "कर्ज देणाऱ्यानं माहिती बरोबर असल्याचं कळवलं आहे" असं कोरडं उत्तर येतं. निराश होऊ नका. खरी लढाई कर्ज देणाऱ्याशी आहे. डिस्प्यूट फक्त घड्याळ सुरू करतो. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला तुम्हाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. त्यातले पहिले २१ दिवस कर्ज देणाऱ्याचे. पत्रात याचा उल्लेख केला की उत्तराचा सूर बदलतो.

कर्ज देणाऱ्या कंपनीला लिहायचं ते तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला, ईमेलनं. कस्टमर केअरच्या चॅटवर तासन्‌तास घालवू नका, तिथे कुणाच्या हातात काही नसतं. अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल कंपनीच्या साइटवर असावंच लागतं. ईमेलमध्ये गोष्ट लांबवू नका: हे कर्ज मी मागितलेलं नाही, मला मिळालेलं नाही, माझ्या ओळखपत्रांचा गैरवापर झालेला आहे, वसुली थांबवा, आणि पुढील कागद पाठवा. कागद कुठले? करारनामा. त्याला जोडलेले पॅन-आधार, ज्या रूपात त्यांना मिळाले त्याच रूपात. अर्जाच्या वेळी काढलेला सेल्फी किंवा व्हिडिओ. ओटीपी ज्या मोबाइलवर गेला तो नंबर. अर्ज इंटरनेटवरच्या कुठल्या (आयपी) पत्त्यावरून आला ते. आणि सगळ्यात महत्त्वाचं: पैसे कुठल्या बँकेच्या कुठल्या खात्यात टाकले.

या शेवटच्या प्रश्नावर अडून बसा. ॲपवरून दिलेलं कर्ज थेट कर्जदाराच्या बँक खात्यातच टाकलं पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ सालचा नियम आहे. मग ते खातं तुमचं आहे का, एवढाच प्रश्न उरतो. अण्णांच्या बाबतीत कंपनीनं पहिल्यांदा मोघम उत्तर दिलं, "रक्कम आपल्या नावाच्या खात्यात जमा केली आहे". पुन्हा लिहिलं तेव्हा खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे आणि शाखेचा कोड आला. नाव अण्णांचंच, पण बँक अशी, जिच्या पायरीवर त्यांनी कधी पाय ठेवला नाही. म्हणजे चोरानं आधी त्यांच्या पॅनवर खातं उघडलं आणि मग त्यात कर्ज घेतलं. आणि कंपनीनं पाठवलेल्या सेल्फीत कोण होतं? पंचविशी-तिशीचा एक मुलगा, मागे निळी भिंत. अर्जावर जन्मसाल अण्णांचं होतं. दोन्ही एका पानावर असूनही कर्ज मंजूर झालं होतं. तो फोटो बघितल्यावर अण्णांचा चेहरा निवळला. तोपर्यंत त्यांना कुठेतरी वाटत होतं की आपल्याच हातून कुठलं तरी बटण दाबलं गेलं असेल.

असं परकं खातं सापडलं तर त्या बँकेच्या आपल्या गावातल्या शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या: हे खातं माझं नाही, ते गोठवा, उघडतानाचे कागद जपून ठेवा. शाखेत "खातं दुसऱ्या शहरातलं आहे" असं सांगतील. तरी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. शिक्का नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

परकी खाती शोधायची एक वाट मी माझ्या कामामुळे वापरते, ती फारशी कुणाला माहीत नसते. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर एआयएस म्हणून वार्षिक माहितीपत्रक मिळतं. त्यात बचत खात्यावरचं व्याज बँकवार दिलेलं असतं. ज्या बँकेत तुमचं खातंच नाही तिचं व्याज तिथे दिसलं, मग ते अकरा रुपये का असेना, की समजायचं खातं उघडलेलं आहे. त्याच ओळीवर प्रतिक्रिया द्यायची सोय असते, तिथे "ही माहिती मला मान्य नाही" असा पर्याय निवडा. आणि २६ एएसमध्ये, म्हणजे तुमच्या पॅनवर कापलेल्या कराच्या तक्त्यात, अनोळखी नावानं टीडीएस कापलेला दिसला तर "बरं झालं, परतावा वाढला" म्हणून तो घेऊ नका. तुमच्या पॅनवर दुसरा कुणी कमावतोय, असा त्याचा अर्थ असू शकतो.

कर्जापेक्षा जास्त भीती मला तुमच्या पॅनवर दुसऱ्यानं केलेल्या जीएसटी नोंदणीची वाटते, कारण तिथे आकडे कोटीत जातात आणि दारात खासगी वसुलीवाल्याच्या जागी सरकारी नोटीस येते. २०२४ मध्ये आपल्याच राज्यात, ग्वाल्हेरच्या एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला ४६ कोटींच्या व्यवहारांची नोटीस आली होती. त्याच्या पॅनवर कंपनी उघडली गेली होती. तुमच्या पॅनचं बघायला एक मिनिट लागतं: जीएसटीच्या पोर्टलवर लॉग-इन न करता "पॅनवरून शोधा" असा पर्याय आहे. तिथे पॅन टाकला की त्यावर निघालेले सगळे जीएसटी क्रमांक दिसतात. क्रमांक पंधरा अक्षरांचा. पहिले दोन आकडे राज्याचे: आपल्या मध्य प्रदेशाचे २३, गुजरातचे २४, महाराष्ट्राचे २७, दिल्लीचे ०७. पुढची दहा अक्षरं म्हणजे तुमचा पॅन जसाच्या तसा. माझ्याकडे रिटर्न भरायला येणाऱ्या एका मुलीच्या पॅनवर ०७ नं सुरू होणारा क्रमांक निघाला. ती इथे एका खासगी कंपनीत नोकरीला आहे, धंद्याशी तिचा संबंध नाही. क्रमांकावर क्लिक केलं की धंद्याचं नाव, पत्ता, नोंदणीची तारीख आणि तो कुठल्या अधिकाऱ्याच्या अखत्यारीत आहे ते दिसतं, राज्याचा वेगळा आणि केंद्राचा वेगळा. दोघांनाही लिहायचं: नोंदणी माझी नाही, ती आधी स्थगित करा, मग रद्द करा. पोर्टलवरही तक्रार टाका. आणि नोटीस आली असेल तर वकिलाकडे किंवा सीएकडे आधी जा, या एका बाबतीत घरी बसून स्वतः उत्तर लिहू नका.

"पॅनच बदलून टाकते" असं ती मुलगी म्हणाली होती. तसं करू नका. दोन पॅन बाळगणं हाच गुन्हा आहे, दहा हजारांचा दंड बसतो.

आता पोलीस. याला लोक टाळाटाळ करतात, पण पोलिसांच्या कागदाशिवाय कर्जवाले हलत नाहीत. आधी सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा, तिचा पावती क्रमांक मिळतो. पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे. ती छापून घेऊन ठाण्यात जायचंच. इंदूरमध्ये अर्ज हिंदीत लिहा. आपल्या घरात मराठी, सानंद संस्थेच्या नाटकांना जाऊन टाळ्या मराठीत, पण टीआयसाहेबांच्या (ठाणेदारांच्या) टेबलावर हिंदी अर्ज लवकर वाचला जातो. "थाना प्रभारी महोदय" पासून सुरुवात, विषय एका ओळीत: "मेरे पैन एवं आधार का दुरुपयोग कर मेरे नाम से ऋण लिए जाने बाबत।" मग तारखांच्या क्रमानं घटना, आणि खाली जोडलेल्या कागदांची यादी: रिपोर्टाची लाल गोल केलेली पानं, कंपनीचा ईमेल, सेल्फी, परक्या खात्याचे तपशील, पोर्टलची पावती. कलमं तुम्हीच लिहिली तरी चालतं: दुसऱ्याची ओळख वापरण्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ सी, संगणकाच्या साहाय्यानं तोतयेगिरी करून फसवण्यासाठी ६६ डी, दोन्हींना तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आणि तोतयेगिरीचं ३१९.

ठाण्यात पहिलं उत्तर असं येऊ शकतं: "आपका पैसा तो गया नहीं, फिर काहे की रिपोर्ट?" शांतपणे सांगा, पैसा कंपनीचा गेला, पण नाव माझं गेलं आणि माझ्या नावावर उद्या आणखी काय होईल सांगता येत नाही. "फरीदाबादचं प्रकरण आहे, तिकडे जा" असंही ऐकून घेऊ नका. हद्द कुठलीही असो, झीरो एफआयआर इथे नोंदवता येतो. नोंदवलेल्या एफआयआरची प्रत फुकट मिळणं हा तुमचा हक्क आहे. ठाण्यात घेतच नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे वरिष्ठ अधिकाऱ्याला पोस्टानं पाठवा. इंदूरमध्ये पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे आपल्या झोनच्या उपायुक्तांना. मंगळवारची जनसुनवाईही आहे, तिथे अधिकारी लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात. अण्णा स्वतः कागदांची फाइल घेऊन तिथे गेले, आणि मला वाटतं त्या दिवसापासून त्यांना रात्री झोप लागायला लागली. चोरीचा माल आपल्या घरात सापडल्यासारखी मान खाली घालून ते फिरत होते. तिथे त्यांनी आपली तक्रार ताठ मानेनं सांगितली.

हे चालू असतानाच बाकीची दारं बंद करून घ्या. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर किंवा ॲपवर तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसतं. अनोळखी नंबरापुढे "माझा नंबर नाही" असं निवडलं की तो तपासून बंद केला जातो. एका माणसाच्या नावावर नऊ सिमची मर्यादा आहे, आणि दुसऱ्यानं तुमच्या नावावर घेतलेलं सिम गुन्ह्यात वापरलं तर पोलीस आधी तुमच्याच दारात येतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं हे आवर्जून बघा.

आधारच्या पोर्टलवर दोन गोष्टी. एक, ऑथेंटिकेशन हिस्टरी: गेल्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठे कुठे तपासलं गेलं, ओटीपीनं की बोटानं, ते तारीख-वेळेसकट दिसतं. रात्री दोन वाजता कुणी ओटीपी तपासला असेल तर तो तुम्ही नव्हतात. दुसरी, बायोमेट्रिक लॉक. बोटाच्या ठशाची नक्कल करून आधारवरून पैसे काढण्याचे प्रकार झालेले आहेत. लॉक लावलं की ठसा चालतच नाही. मात्र रेशन दुकानात किंवा समग्रच्या (राज्याच्या कुटुंब-नोंदणीच्या) ई-केवायसीला बोट लावायच्या आधी ते ॲपवरून तात्पुरतं उघडावं लागतं, नाहीतर माणूस रांगेतून परत येतो. घरात बायकांना लाडली बहना योजनेचे पैसे येत असतील तर तिथेच "बँक सीडिंग स्टेटस" बघा. सरकारी पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात, तिथे अनोळखी बँकेचं नाव दिसलं तर आपल्या बँकेत जाऊन जोडणी बदलून घ्या. काही अडलं तर आधारचा मदत क्रमांक १९४७.

कागद फुटतात कुठून, हे नेमकं सांगता येत नाही आणि त्याच्या मागे लागण्यात फार वेळ घालवू नये असं माझं मत आहे. पण कियोस्कवर, म्हणजे ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात, फॉर्म भरताना मी एक गोष्ट नेहमी करते. दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲपनं आधार-पॅन पाठवलं की ते त्याच्या डाउनलोडच्या फोल्डरमध्ये पडून राहतं, तिथे आधीच इतर लोकांची कार्डं रांगेनं दिसत असतात. काम झालं की मी समोर उभी राहून माझी फाइल खोडायला लावते, रीसायकल बिनमधूनही. जिथे चालतं तिथे पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार देते. झेरॉक्सवर आडवं लिहिते: कुणासाठी, कुठल्या कामासाठी, तारीख, सही. अक्षरं फोटोवरून गेली पाहिजेत, कोपऱ्यातली चिठ्ठी कापून टाकता येते.

कंपनीनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा "आमच्या तपासात कर्ज खरं आढळलं" असं छापील उत्तर दिलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस नावाच्या तक्रार पोर्टलवर ऑनलाइन होते, फी नाही, वकील लागत नाही, चौकशीसाठी १४४४८ आहे. क्रेडिट रिपोर्टवाल्या कंपन्यांविरुद्धही तिथे जाता येतं. तोपर्यंत केलेलं सगळं लिखाण इथे कामाला येतं, म्हणून फाइल तारखेवार लावा. आम्ही अण्णांची तक्रार भरली तेव्हा एफआयआर, सेल्फी आणि फरीदाबादचा पत्ता एवढी तीनच पानं वर ठेवली होती, बाकी सगळं मागे. थोड्याच काळात कंपनीचा सूर बदलला आणि आपण होऊन फोन आला, "सर, सेटलमेंट करून टाकू, थोडं भरा, बाकी माफ."

याला भुलू नका. सेटलमेंट म्हणजे कर्ज तुमचं होतं आणि तुम्ही पूर्ण फेडलं नाही, असंच रिपोर्टात लागतं. "सेटल्ड" हा शेरा पुढे घरासाठी किंवा मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज मागताना नडतो. "क्लोज्ड"वरही समाधान मानू नका, कारण त्यातही कर्ज तुम्हीच घेतलं होतं असंच दिसतं. तुम्हाला हवंय ते पत्र असं: सदर कर्ज अर्जदारानं घेतलेलं नसून फसवणुकीनं घेतलं गेलं, अर्जदाराकडून काहीही येणं नाही, आणि चारही क्रेडिट कंपन्यांकडून खातं व त्याची चौकशीची (एन्क्वायरीची) नोंद काढून टाकण्यास कळवलं आहे. पत्रात यातलं एखादं वाक्य गाळलेलं असेल तर परत पाठवून घालून घ्या. अण्णांच्या पहिल्या पत्रात चौकशीच्या नोंदीचा उल्लेख नव्हता, दुसऱ्यात आला.

पत्र आल्यावर महिना-दीड महिन्यानं रिपोर्ट पुन्हा काढा. फुकटचा संपला असेल तर पैसे देऊन काढा, पण बघा. आणि पुढची दोन-तीन वर्षं दर सहा महिन्यांनी बघत राहा, कारण कंपन्या थकलेली कर्जं गठ्ठ्यानं वसुली करणाऱ्या दुसऱ्या कंपनीला विकतात. जुन्या यादीतून तुमचं नाव निघालं नसेल तर तेच कर्ज नव्या नावानं रिपोर्टात उगवतं आणि नवा माणूस फोन करतो. त्याला कहाणी सांगत बसू नका. कर्जाचा जुना क्रमांक विचारा, पत्राची प्रत आणि एफआयआर त्याच्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा, आणि खाली लिहा की उत्तर लेखी हवं.